झाकणकाकांचं पाऊल

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच खोली. डाव्या हाताला लोखंडी कपाट, लाथ घातल्याशिवाय न उघडणारं. मधोमध टेबल, त्यावर जाडजूड रजिस्टर. मागच्या भिंतीपलीकडून पंपाची घरघर, अखंड. आणि उजवीकडच्या दारातून प्रवेश करतात झाकणकाका. वय बहात्तर, खाकी शर्ट, कानामागे पेन्सिल, हातात चेंबरचं झाकण उचलायचा आकडा. टाळ्या पडाव्यात अशी एन्ट्री! पण प्रेक्षकांत एकटी, शहराने धाडलेली इंजिनीअरबाई, आणि तीही मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेली.

ही खोली म्हणजे वस्तीचं सांडपाणी मंडळ. चाळीस वर्षांपूर्वी शहराने हात झटकले होते. ‘तुमच्या जमिनीचा उतार उलट्या बाजूला आहे, तुमचं पाणी आमच्या गटारात येणार नाही,’ असं चक्क लेखी कळवलं. मग वस्तीतली माणसं शाळेच्या हॉलमध्ये जमली, तीन संध्याकाळी तावातावाने भांडली आणि चौथ्या संध्याकाळी त्यांनी स्वतःचं मंडळ काढलं. एक खोली, एक पंप आणि एक माणूस. तो माणूस म्हणजे आपले काका. पंप चालवणारे तेच, फिटर तेच, कुठे तुंबलं की बांबू घेऊन धावणारेही तेच.

मोजायची टेप पहिल्याच महिन्यात तुटली. “पुढच्या सभेत नवीन घेऊ,” अध्यक्ष म्हणाले. सभा पुष्कळ झाल्या, टेप काही आली नाही. काकांनी मग पावलांनी मोजायला सुरुवात केली आणि रजिस्टरात तसंच लिहिलं. ऑफिसच्या उंबरठ्यापासून पहिलं झाकण, चौसष्ट पावलं. शाळेच्या भिंतीपासून पंपाची मोठी पाइप, चाळीस पावलं. कुठे गळती झाली की काका मोजत जायचे, थांबायचे, टाच आपटायचे. “इथे खणा.” आणि पाइप बरोबर तिथेच! चालता नकाशा म्हणायचे लोक त्यांना. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र खणायची वेळच आली नव्हती.

आता शहर फुगत फुगत वस्तीच्या पलीकडे गेलं होतं. मंडळ शहरात विलीन व्हायचं होतं आणि त्यासाठी शाळेजवळ नवी लाइन टाकायची होती.

“काका, तुमचं एक पाऊल म्हणजे किती हो?” इंजिनीअरबाईने विचारलं.

“एक पाऊल म्हणजे एक पाऊल.”

“अहो, फुटांत सांगा!”

तिने त्यांना व्हरांड्यात दहा पावलं चालवलं आणि टेप लावली. वीस फूट. हिशेब सोपा होता. चाळीस पावलं म्हणजे ऐंशी फूट. पाइप ऐंशी फुटांवर असेल, तर आपण शंभरावर खणू. वीस फूट मोकळे सोडले म्हणजे धोका नको.

संध्याकाळी काका घरी आले ते छाती फुगवूनच. “दहा पावलं, वीस फूट! इंचभर इकडे नाही की तिकडे नाही.”

काकू भाजी निवडत होत्या. “वीसच?”

“वीसच म्हणजे?”

“लग्नानंतर तुमच्याबरोबर बाजारात जायचं तर मला पळावं लागायचं. हल्ली मी पिशव्या घेऊन कोपऱ्यावर उभी असते, आणि स्वारी डुलत डुलत येते.”

“म्हणजे मी म्हातारा झालो?”

“मी कुठे म्हटलं? तुमच्या चपला म्हणतात. पूर्वी टाचा झिजायच्या, आता अख्खा तळ घासला जातो.”

 रात्री जेवताना काकांनी दुसरी पोळी मागितली नाही.

सकाळी उजाडताच ते ऑफिसच्या उंबरठ्यावर उभे राहिले आणि मोजायला लागले. चौसष्ट झाली, तरी पहिलं झाकण अजून लांबच! पोचले तेव्हा ऐंशी. परत फिरून पुन्हा मोजलं, तंगड्या ताणून, गुडघा कुरकुरेपर्यंत. एकोणऐंशी. झाकण ओतीव लोखंडाचं, काँक्रीटमध्ये बसवलेलं. ते काही सरकणार नव्हतं.

काका तिथेच झाकणावर बसले. तेव्हाची चाळीस पावलं म्हणजे आजची पन्नास. पन्नास म्हणजे शंभर फूट. नेमकं तिथेच दहा वाजता मशीन खणणार होतं, भरल्या पाइपवर! आणि शाळेच्या खालच्या गल्लीत अकरा घरं, सगळ्यांची जमीन रस्त्याच्या खाली. पाइप फुटली की वस्तीचा मैला त्यांच्या स्वयंपाकघरात. ‘पंप बिघडलाय, आज आधी तो बघू’ म्हणून सांगावं, असं एकदा मनात येऊन गेलं. आजचं खणणं टळलं असतं आणि आपली लाजही राहिली असती. पण उद्याचं काय?

ते शाळेपाशी पोचले तेव्हा मशीनचा पंजा वर उचललेला होता. अर्धी वस्ती बघायला जमलेली. काका सरळ पंजाखाली जाऊन उभे राहिले.

“आजोबा, बाजूला व्हा! मेलात तर मला तुरुंगात घालतील,” मशीनवाला ओरडला.

“बंद कर आधी ते धूड!”

इंजिनीअरबाई धावत आली. “काय झालं, काका? माप तर तुमचंच आहे.”

काकांनी जमलेल्या तोंडांकडे एकदा बघितलं. आवाज खाली आला नाही, मात्र नजर आली. “माझं नाही, बाई. रजिस्टरातलं पाऊल बत्तीस वर्षांच्या माणसाचं आहे. त्याचं पाऊल अडीच फुटांचं होतं. माझं दोनाचं झालंय. पाइप तुमच्या पायाखाली आहे.”

कोणी हसलं नाही. फावडी मागवली. हाताने, अलगद, कमरेइतकं खणलं आणि टण्ण आवाज झाला. गर्दीतून खालच्या गल्लीतली एक बाई पुढे आली. खड्ड्यात वाकून तिने पाइप बघितली, मग मागे वळून आपल्या घराच्या दाराकडे बघितलं, आणि काकांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

इंजिनीअरबाईने कपाळ पुसलं. “म्हणजे अख्खं रजिस्टर पुन्हा मोजायला हवं. पहिल्या झाकणापासून. याल ना?” तिने टेपचं टोक पुढे केलं.

काकांनी ते बोटाला गुंडाळलं आणि म्हणाले, “मी शून्य धरून उभा राहतो. पुढे चालायचं तुम्ही. आणि जरा सावकाश, बाई, मागचा माणूस दिसेल इतपत.”