चिंधी बांधलेल्या कोंबड्या

आता माझी नेमणूक दौंडला आहे. इथल्या बाजारातही मी दर महिन्याला कोंबड्यांचे नमुने घेते, पण जीव अजून शिरूरच्या आठवडे बाजारातच अडकलाय. कोथिंबिरीच्या जुड्यांपलीकडे, कोंबड्यांच्या डालग्यांच्या रांगेत अगदी शेवटी बसणारी केंदूरकडची मावशी फार आठवते.

बर्ड फ्लूवर नजर ठेवायची म्हणून पशुसंवर्धन खात्यातून मला तिथं पाठवत. प्रत्येक डालग्यातली एक कोंबडी धरायची, चोच उघडायची, घशात कापसाची काडी फिरवायची, काडी नळीत आणि नळी बर्फाच्या डब्यात. सांगायला सोपं. माझ्या हातात आली की कोंबडी सगळा बाजार डोक्यावर घ्यायची. मी तापट, कोंबडी माझ्याहून तापट. मग मावशीच तिला काखेत धरायची, पदराचं टोक तिच्या डोळ्यांवर टाकायची आणि म्हणायची, "झालं गं बाय, झालं." कोंबडी गप्प. नमुना घेऊन झाला की जुन्या लुगड्याची चिंधी फाडून ती त्या कोंबडीच्या पायात बांधायची. दृष्ट लागू नये म्हणून बांधत असेल, असं मी धरून चालले. विचारलं कधीच नाही. मला नेहमी पुढच्या डालग्याची घाई.

मी डॉक्टर नाही, हे शंभरदा सांगूनही ती मला डाक्टरीणबाईच म्हणायची. माझ्या डब्यातली भाजी बघून नाक मुरडायची आणि फडक्यातली भाकरी-ठेचा पुढे करायची. वर "आधी हात धुवा" हे माझंच पालुपद मलाच ऐकवायची.

एका वर्षी जवळच्या शेडमधले पक्षी मेले आणि बाजारातल्या माणसांच्याही घशाचे नमुने घ्यायचं ठरलं. मावशीला नेमका तेव्हाच खोकला. ती डालगं उचलून निघालीच.

"माझं वंगाळ निघालं तर समद्यांचा बाजार उठंल. म्या न्हाई देनार."

मी वैतागले. "तुमच्या कोंबड्या गप चोच उघडतात, मग तुम्हालाच काय झालं?"

"त्यांला मी धरते. मला कोन हाय धरायला?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्या मागे उभी राहिले, तिचाच पदर तिच्या डोळ्यांवर धरला आणि तिचंच बोलणं तिला ऐकवलं. आरोग्य खात्याच्या मुलीनं काडी फिरवली.

चार दिवसांनी निकाल चांगला आला. मला राहवलं नाही, स्कूटर काढून थेट तिच्या घरी गेले.

"मावशी, काही नाही झालेलं तुम्हाला!" मी लांबूनच ओरडले. ती मटकन ओट्यावर बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

मग माझं लक्ष अंगणात गेलं. पायात चिंध्या बांधलेल्या कितीतरी कोंबड्या तिथं दाणे टिपत होत्या.

"ह्या विकल्या नाहीत?"

"कशा इकू? तुमी काडी घालून नेली, निकाल काय सांगितलाच न्हाई. एखादी आजारी असली आन् कुनाच्या लेकराला बाधली म्हंजी? म्हून ठेवल्यात." मग म्हणाली, "माझं सांगाया आलात, तसं ह्यांचंबी सांगा की."

निकाल चांगला असला की आमच्याकडे कोणी कोणाला कळवत नसे. काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक, असा शिरस्ता. तो मावशीला कोणी सांगितलाच नव्हता. कोणी म्हणजे मी. इतके महिने तिची भाकरी खाल्ली आणि एवढी एक गोष्ट सांगितली नाही. मला तिथंच रडू फुटलं.

"सगळ्या बऱ्या आहेत, मावशी. पहिलीपासून सगळ्या."

ती उठली. त्यातली सगळ्यात म्हातारी कोंबडी तिनं काखेत घेतली, तिच्या डोळ्यांवर पदर टाकला आणि चिंधीचा पाय माझ्यापुढे केला. गाठ मला लवकर सुटेना.