मास्तरांचे चिंचोके

पैशावर आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांइतका बोललेला माणूस सगळ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, आणि ते सगळं ऐकून माझ्याइतका दमलेला माणूसही झाला नसेल. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवत असे. चिखलीत आमची बिऱ्हाडं एका भिंतीच्या अल्याड-पल्याड होती, त्यामुळे शाळेत ऐकलेलं मला घरी पुन्हा ऐकावं लागे. सकाळी मी तोंड धूत असलो की भिंतीवरून प्रश्न येई, "ड्रॉइंगमास्तर, काल पानाले किती गेले?" दोन पैसे, असं म्हटलं की पलीकडे थोडा वेळ शांतता. तेवढ्यात त्यांनी मनात वर्षाचा हिशेब केलेला असे आणि मग वर्षाला माझी किती पानं होतात, त्या पैशात किती धोतरजोड्या आल्या असत्या, हे मला चूळ भरता भरता समजे. अकरा वर्षं हे चाललं. पान सुटलं नाही, धोतरजोड्याही आल्या नाहीत.

गणित ते शिकवीत, पण त्यांचा जीव अडकला होता तो गुरुवारच्या शेवटच्या तासात. तो वेळापत्रकात नव्हता. मुलं त्याला 'पैशाचा तास' म्हणत. हेडमास्तर पहिल्या वर्षी विरोध करून थकले आणि नंतर त्या तासाला डोळे मिटून बसू लागले. कापूस विकला गेला की आमच्या भागातल्या बापांचे हात सैल सुटतात, पोरांच्या खिशातही पैसे खुळखुळू लागतात आणि शाळेच्या फाटकाशी रेवड्यावाला, बर्फवाला, फिरकीवाला असे सगळे येऊन बसतात. मास्तरांचं युद्ध त्यांच्याशी होतं. पोराला उभं करून ते विचारीत, "पैसा आला कुठून हे तुले माहीत हाये, गेला कुठं हेबी माहीत हाये. तो थांबला काऊन नाही, हे सांग बे." आता पैसा का थांबत नाही हे त्यांना स्वतःला तरी कुठं माहीत होतं? पण पोरगं बिचारं खाली मान घालून उत्तर शोधत राही आणि मास्तर आनंदानं वाट बघत राहत.

त्यांनी 'नको म्हणायची तालीम' नावाचा प्रकार काढला होता. ताटात खऱ्या रेवड्या घेऊन ते बाकांमधून फिरत, फेरीवाल्यासारखी लाडीगोडी लावीत, ताट पोरांच्या अगदी नाकाखाली धरीत आणि पोरांनी तीनदा, चेहरा न पाडता, "सध्या गरज नाही" असं म्हणायचं. ज्याचा आवाज कापला त्याला पुन्हा शेवटच्या बाकापासून सुरुवात. एका पोरानं ही विद्या इतकी आत्मसात केली की मामाच्या लग्नात पंगतीला बसून त्यानं बुंदी वाढायला आलेल्या व्याह्यांनाच "सध्या गरज नाही" असं ऐकवलं. मुलाकडच्यांनी नाक मुरडलं असं समजून व्याही रुसले. चौथ्या दिवशी त्या पोराचा बाप शाळेत आला. "मास्तर, पोराले शिकवा, माही ना नाही. पन घरचं लग्न मोडाले आलं होतं ना!" मास्तरांनी त्याची समजूत घातली, पाणी दिलं आणि तो फाटकाबाहेर पडताच मला म्हणाले, "पाह्यलं का? तीनदा म्हनला असंन पठ्ठ्या." त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी इन्स्पेक्टरसाहेबांच्या भेटीनंतरही कधी पाहिलं नाही.

दुसरा नियम तीन दिवसांचा. काहीही विकत घ्यायचं मनात आलं की तीन दिवस थांबायचं, चौथ्या दिवशीही ते हवंसं वाटलं तर घ्यायचं. हा नियम ते स्वतःही पाळीत, हीच तर पंचाईत होती. वहाणेचा तळ सुटला तेव्हा तीन दिवस ते एका पायात वहाण घालून शाळेत आले. एकदा हिवतापानं फणफणले असताना मी क्विनाईन आणायला निघालो, तर अंथरुणातून हात वर करून म्हणाले, "थांबा ना. ताप आपल्या मनानं जाते का पाहू." तिसऱ्या दिवशी ताप खरोखर उतरला आणि मास्तरांनी क्विनाईनचे वाचलेले पैसे फळ्यावर मांडून दाखवले. मी त्या तीन दिवसांत त्यांच्या उशाशी बसून जागलो होतो, ते मात्र कुठल्याच रकान्यात आलं नाही. मास्तरीणबाई हे सगळं निमूटपणे पाहत. त्या शेजारणीपाजारणींच्या चोळ्या-झबली हातानं शिवून देत. बुलढाण्यातला एक शिंपी धंदा आवरून मुलाकडे जाणार होता. त्याचं जुनं शिवणयंत्र साठ रुपयांत द्यायला तो तयार होता आणि दसऱ्यापर्यंत थांबतो असं त्यानं कबूल केलं होतं. बाईंनी चार वर्षं टाक्यांतून टाके वाचवावेत तसे पोस्टात अठ्ठावन्न रुपये जमवले होते. पुस्तक मास्तरांच्या नावावर, पण पैसा बाईंचा. मास्तरही वर्गात सांगत, "बचत पाह्याची असंन तं माह्या घरी या."

मुलांच्या हाती खरा पैसा देऊन शिकवणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून मास्तरांनी वर्गात चिंचोक्यांचं नाणं सुरू केलं. एक चिंचोका म्हणजे एक पैसा. गृहपाठाला चिंचोके, शिस्तीला चिंचोके, आणि वर्गातल्या लुटुपुटीच्या दुकानात त्यांवर पेन्सिल नाहीतर टाक मिळे. शाळेच्या आवारात चिंचेची तीन झाडं, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी पोरं खिसे फुगवून आली आणि सगळा वर्ग गर्भश्रीमंत झाला. मग मास्तरांनी दाभण तापवून प्रत्येक चिंचोक्यावर दोन तिरप्या रेघा आणि एक टिंब असं चिन्ह डागायला सुरुवात केली. हे काम ते मधल्या सुट्टीत आम्हा मास्तरांच्या खोलीत शेगडीपाशी बसून करीत. जळक्या चिंचोक्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. इथवर सगळं ठीक होतं, म्हणजे आमच्या शाळेच्या मानानं ठीक होतं.

मग लढाईच्या दिवसांत बाजारातली चिल्लर नाहीशी झाली. कोणी दडवली, कोणी वितळवली, देव जाणे, पण चिखलीच्या भर बाजारात दोन पैशांचं मीठ घ्यायचं तर मोड मिळेना. दुकानदार सुट्या पैशांऐवजी काडेपेटी हातावर ठेवत, नाहीतर चिठ्ठी लिहून देत. फाटकाशी फुटाणे विकणाऱ्या चाचांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी एका पोराकडून पैशाऐवजी मास्तरांचा चिंचोका घेतला आणि दुसऱ्या पोराला मोड म्हणून तोच दिला. आठ दिवसांत पानवाला तो घेऊ लागला, मग न्हावी, मग पिठाची गिरणी. मास्तर घाईघाईनं चाचांकडे गेले, तर चाचा शांतपणे म्हणाले, "मास्तरसाब, सरकारचा सिक्का पाह्यले भेटते कुठं? तुमचा तं रोज पाहून राह्यलो." हेडमास्तरांना टांकसाळ काढल्याचा खटला दिसू लागला. मास्तर मात्र त्या दिवसांत रस्त्यानं जरा छाती काढून चालत. आपल्या शब्दावर गिरणी चालते, हे कुठल्या गणिताच्या मास्तराच्या वाट्याला येतं? मी विचारलं, "एकूण किती डागलेत?" माझ्या वर्षाची पानं मोजणाऱ्या त्या माणसानं स्वतःचे चिंचोके मोजलेच नव्हते. "असतीन आठशेक," ते म्हणाले. "चिंचोके कोन मोजते हो?"

पुढं सरकारचा नवा, मधे भोक असलेला पैसा आला, चिल्लर पुन्हा दिसू लागली आणि एका रविवारी सकाळी चाचा पिशवी घेऊन मास्तरांच्या ओसरीवर आले. त्यांच्यामागं पानवाला, न्हावी, गिरणीवाला. तक्रार कोणाचीच नव्हती. मास्तरांचा पैसा मास्तरांकडे परत द्यायला ते आले होते, अगदी सरळपणे, भांडं परत करावं तसे. मास्तरांनी सतरंजी अंथरली, मला मदतीला बोलावलं आणि मोजणी सुरू झाली. दुपार कलली तेव्हा आकडा निघाला, दोन हजार तीनशे अडुसष्ट. रुपयाचे चौसष्ट पैसे, म्हणजे सदतीस रुपये. मास्तरांचा महिन्याचा पगार त्याच्या आतला होता.

आत चूल फुंकणं थांबलेलं मला ऐकू आलं. गिरणीवाला भला माणूस. तो म्हणाला, "मास्तर, ह्याच्यात खोटेबी असतीन. पोरायनं डागले असतीन. तेवढे काढून टाका ना." चाचांनी मान हलवली, पण त्यांचा हात पिशवीवरच राहिला, कारण सर्वांत जास्त त्यांचेच होते. मास्तरांनी चष्मा पुसला आणि एकेक चिंचोका उजेडात धरून निवडायला घेतला. पोरांची अक्षरं ओळखावीत तशी ते पोरांची डागणी ओळखत होते. हा पाटलाचा, ह्याचं टिंब नेहमी मोठं. हा तेल्याचा, घाईचा आहे. खोट्यांचे सात-आठ ढीग पडले. प्रत्येक ढिगाबरोबर माणूस थोडा थोडा वाकत गेला. "मी ह्याईले पैशाची किंमत शिकवली," ते एकदा म्हणाले, "आन् ह्याईनं घरी जाऊन दाभन तापवलं." मला वाटलं, आता ढीग बाजूला सारतील आणि प्रश्न मिटेल. निम्मा आकडा तरी वाचला असता. पण ते म्हणाले, "खोटा पैसा नाकारला तं ज्याच्या हातात हाये तो बुडते. ज्यानं पाडला तो नाही बुडत. चाचाचा काय गुन्हा हाये?" एवढे पैसे एकाच ठिकाणी होते, पोस्टात, आणि ते मास्तरांचे नव्हते.

मास्तरीणबाई पोस्टाचं पुस्तक घेऊन स्वतःच बाहेर आल्या. पदर सारखा करून त्यांनी ते सतरंजीवर ठेवलं. "काढा उद्या पैसे," त्या म्हणाल्या. "लोकायचे बुडवून मशीन आनली तं तिचा आवाज मले घरात सहन नाही व्हनार." मास्तरांनी पुस्तक उचललं. तीन दिवस थांबायचा नियमही त्यांना आठवला नाही.

खोट्यांतला एक शेवटचा ढीग कोणाचा, ते ठरायचं राहिलं होतं. मास्तरांनी त्यातला एक चिंचोका उचलला, फिरवून पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. "ह्याच्या रेघा उलट्या बाजूनं झुकल्या हायेत," ते सावकाश म्हणाले. "हे डावऱ्या हाताचं काम हाये." त्यांच्या वर्गात डावखुरा पोरगा एकही नव्हता. साऱ्या शाळेत डावखुरा माणूस एकच होता, चित्रकलेचा मास्तर. चिल्लर नव्हती, पान हवं असे, दाभण आणि शेगडी खोलीतच असत, चिंचोके पसाभर पडलेले असत. बसल्या बसल्या मी डागत गेलो. चिल्लर आली की भरून टाकू असं मी दर वेळी स्वतःला सांगितलं, आणि चिल्लर आल्यावर नवं पान खाल्लं. मास्तरांनी वर पाहिलं नाही. तो सगळा ढीग त्यांनी तळहातानं ओढला आणि आपल्या स्वतःच्या, खऱ्या चिंचोक्यांत मिसळून टाकला. "हे माह्येच हायेत," ते चाचांना म्हणाले, "तवा हात दुखत होता." त्यांनी मिसळण्याआधी मी मोजले होते. एकशे बारा. पावणेदोन रुपये.

यंत्र दसऱ्याआधीच दुसऱ्या कोणी नेलं. पैशाचा तास पुढच्या गुरुवारीही झाला, त्याच्या पुढच्याही झाला, फक्त मास्तर आता बोलता बोलता मध्येच थांबत आणि पोरं वाट बघत बसत. सकाळी भिंतीवरून पानांचा हिशेब येईनासा झाला. मी अकरा वर्षं त्या आवाजाला कंटाळलो होतो, आणि तो थांबल्यावर सकाळी चूळ भरताना उगाच भिंतीकडे बघत उभा राहू लागलो. माझ्यावर त्यांनी उपकार केले की मला शिक्षा दिली, हे मला आज इतक्या वर्षांनीही ठरवता येत नाही. मास्तर आता नाहीत, त्यांना विचारण्याची सोय राहिली नाही. असते तरी मी विचारलं नसतं.

पैसे द्यायला मी एकदा गेलो होतो. पगाराचा दिवस होता, पावणेदोन रुपये वेगळे काढून खिशात घातले होते. मास्तर घरी नव्हते. बाई दारात उजेडाला बसून कोणाचं तरी झबलं शिवत होत्या, सुई डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन दोरा ओवायचा प्रयत्न चालला होता. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. मग मान वर करून म्हणाल्या, "काय काम होतं, भाऊजी?" खिशातल्या हाताला रुपया लागत होता. मी म्हणालो, "काही नाही. सहज." त्या सुई झबल्यात टोचून ठेवून उठल्या, त्यांनी चहा टाकला, आणि मी तो पिऊन घरी आलो.