एकोणीस वर्षं उभ्याने

ट्राम हाकणाऱ्याला बसायला जागा नसते. कोरोमंडल ट्रामवे कंपनीने मद्रासच्या आपल्या गाड्यांत चाळीस उतारूंसाठी बाकं केली आणि ड्रायव्हरला एक पितळी हँडल दिलं. ते फिरवलं की डोक्यावरच्या तारेतली वीज मोटारीत उतरे. गाडी सोडताना हँडल काढायचं आणि गाडीचा नंबर सांगून दुसऱ्याच्या तळहातावर ठेवायचं, असा नियम. तंजावूरच्या सांबशिवरावांनी एकोणीस वर्षं नियमही पाळला आणि ते उभेही राहिले. पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. उजव्या टाचेला पायाखालची घंटा बडवायची इतकी सवय, की गावी गाय आडवी आली तरी टाच आपटे.

१९२२ साली ड्रायव्हरांनी स्टूल मागितलं. पगार नव्हे, स्टूल. कंपनीने आठ खुर्च्यांवर बसून विचार केला आणि बसलेल्या माणसाला झोप येते, असा निष्कर्ष काढला. तेव्हा ड्रायव्हरांनी गाड्या होत्या तिथे थांबवल्या, हँडलं काढली आणि घर गाठलं. सांबशिवरावांचं घर तंजावुरात, म्हणून हँडलही तंजावुरात आलं.

सव्वा महिना ते झोपाळ्यावर बसून होते. मग राजगोपाल आला. पापनाशमच्या मराठी घरातला, एकेकाळचा त्यांच्याच गाडीवरचा कंडक्टर. आता अंगात कोट आणि हुद्दा इन्स्पेक्टरचा. अंबाबाई पाट घेऊन बाहेर आल्या.

"राहू दे तो," सांबशिवराव बायकोला म्हणाले. "तो उभा राहील."

"घरी आलेल्या माणसाला?"

"माणूस आला असता तर बसवलं असतं. ही कंपनी आलीय."

राजगोपालने कागद काढला. "अण्णा, दोनच ओळी. 'अवाजवी मागणी केली, दिलगीर आहे.' सही करा, सोमवारी कामावर या. नाहीतर नाव कटलं."

"पुन्हा वाच. सावकाश."

तीनदा वाचून घेतलं. मग कोण कोण परतलं ते विचारलं, एकेक नाव घेऊन. पेल्यातून गरम कापी आली, तीही त्याने उभ्यानेच घेतली. इन्स्पेक्टर या पायावरचा भार त्या पायावर टाकू लागला.

"पाय दुखतात?"

"दुखणारच, अण्णा."

"तेच लिही. 'उभं राहिलं की पाय दुखतात.' खाली तुझी सही, मग माझी."

"माझी नोकरी जाईल."

"एवढ्याशा वाक्याने? मी तर एकोणीस वर्षं तेच म्हणतोय, पायाने."

अंबाबाई दारातून म्हणाल्या, "करा हो सही. पोरं आहेत घरात. असले कागद वाचतं कोण?"

"मग माणूस एवढ्या लांब कशाला धाडला?"

सांबशिवराव पहिल्यांदा उठले. आतून धोतरात गुंडाळलेलं हँडल आणलं. "हात पुढे कर. गाडी सत्तावीस. ब्रेक लावला की डावीकडे ओढते, पुढच्याला सांग." त्यांनी ते तळहातावर असं आदळलं, की राजगोपालचा हात खाली गेला. "चोर नाही मी." बिनसहीचा कागद चौघडी करून त्याच्या खिशात कोंबला.

"आता मांड गं पाट. कंपनीचं काम झालं. पापनाशमचा पोरगा जेवून जाईल."

राजगोपालने पाटाकडे पाहिलं, हँडलकडे पाहिलं आणि आगगाडीची वेळ झाली म्हणत पायऱ्या उतरला. आगगाडीला तीन तास होते.

सांबशिवरावांची टाच दाणकन जमिनीवर आपटली. रस्त्यात गाय नव्हती.