पिवळ्या नाकाचं विमान

राजधानीतल्या द्वारकेत नवीन राहायला आलो तेव्हा घरी इंटरनेट नव्हतं, म्हणून रविवारी सकाळी मी मार्केटमधल्या सायबर कॅफेत जायचो. शेजारच्या कॉम्प्युटरवर साठीच्या एक बाई बसलेल्या असायच्या. विमान उडवायच्या खेळातल्या एका जुन्या लढाऊ विमानाला त्या स्वतः रंग द्यायच्या. थोडा रंग भरायचा, चष्मा कपाळावर सरकवून मागे रेलून बघायचं, पुसून पुन्हा भरायचा. नाक मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी पिवळंधमक करून टाकलं होतं.

"असा फोटो आहे का तुमच्याकडे?" मी हिंदीत विचारलं.

"फोटो किसलिए? पीली ही थी."

एका रविवारी त्या नवऱ्याला घेऊन आल्या. लढाईत ते विमान त्यांनीच उडवलं होतं. स्क्रीन निरखून ते म्हणाले, "नाक पीली थी? मुझे तो याद नहीं."

"आप तो अंदर बैठते थे," बाई शांतपणे म्हणाल्या. "छत पर खड़ी होकर राह तो मैं देखती थी."

ते खुर्ची ओढून बसले आणि विमान धावपट्टीवर घेतलं. बाई हाताची घडी घालून मागे उभ्या राहिल्या. विमान सुखरूप उतरेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.