भरतीच्या वेळचं गिऱ्हाईक

ओहोटीला खाडीच्या चिखलाचा कुबट वास घरात शिरला, की मला ती दुपार आठवते. हे गेल्यावर पनवेलचा फ्लॅट विकून पुण्याला मुलीकडे जायचं ठरलं होतं. पण खाडीत गटाराचं पाणी यायला लागल्यापासून आमच्या बिल्डिंगचा भाव पडलेला. पाणी भरलं की वास दबतो, म्हणून एजंट गिऱ्हाइकांना भरती बघूनच आणायचा. “काकू, खिडक्या बंद ठेवा, उदबत्ती लावा, आणि काकांचा तो हार घातलेला फोटो तेवढा काढून ठेवा,” असं त्याने फोनवर बजावलं होतं. मी ह्यांचा फोटो कपाटात चादरींखाली ठेवला. येणारं जोडपं पळस्प्याला ट्रॅफिकमध्ये अडकलं आणि पोचेपर्यंत पाणी उतरलं. मी घाईघाईने आणखी चार उदबत्त्या पेटवल्या. ती बाई दारातच थबकली. “घरात कुणी गेलंय का हो?” तिने हळूच विचारलं. “छे, नाही हो,” माझ्या तोंडून पटकन निघून गेलं. मग तिने खिडकी उघडली, ओढणी नाकाला लावली, आणि चहा तसाच टाकून दोघं गेली. फ्लॅट अजून विकला गेलेला नाही. खिडक्या आता मी ओहोटीलाही उघड्याच ठेवते. ह्यांच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला मात्र हात उचलत नाही.