पाठीवरचा हात

तारीख एक मे, सकाळचे साडेसहा, चिखलीचा बाजारचौक. हजर : फटफट्या आठ, त्यांचे मालक आठ, पत्नी सात. आठव्या गाडीवर पत्नीच्या जागी चिवड्याचा डबा, कारण तिचा मालक अविवाहित. नव्या राज्याला दोन वर्षं झाली होती. तो आनंद अमडापूरपर्यंत सपत्नीक मिरवायचा, असं जिनवाल्या शेठनी ठरवलं आणि नावं लिहायचं काम माझ्याकडे दिलं. गावातल्या याद्या माझ्याकडेच येत. तिसऱ्या क्रमांकावर ह्यांचे मावसभाऊ आणि माझ्या जाऊबाई. चौथ्यावर आम्ही दोघं.

या भाऊजींइतका विक्षिप्त माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही, असं मी तोवर छातीठोकपणे सांगत असे. ते शेठच्या जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, फिटर होते. त्यांची फटफटी भंगारातल्या तीन गाड्या मिळून एक झालेली. ती सुरू झाली की आळीतल्या म्हशी दूध चोरत. इंजिन तपासायचं तर लाकडी दांडक्याचं एक टोक यंत्रावर टेकवायचं, दुसरं टोक दातांत धरायचं आणि डोळे मिटून मान डोलवायची. लग्नात ते पंगत सोडून वाजंत्र्यांपाशी जाऊन बसत आणि ढोलावर तळहात ठेवून सनईला दाद देत. आपल्याबरोबर चालताना दोन पावलं पुढे जाऊन, तोंड आपल्याकडे करून, उलटे चालत. एकदा असेच गप्पा मारत कांद्याच्या ढिगात बसले. कांदेवाली ओरडली, "काऊन ओ फिटरसाहेब, मांगं डोये नाहीत का?" भाऊजी प्रसन्नपणे म्हणाले, "हाव, हाव!" दिवा मालवला की मात्र त्यांचं बोलणं तिथंच संपे, वाक्य अर्धं असलं तरी.

निघालो. पुढे शेठ, त्यांच्या मागे बाकीचे. आमच्या पुढेच भाऊजींची गाडी होती, त्यामुळे जे दिसलं ते सगळ्यात आधी मला दिसलं. जाऊबाईंचा हात नवऱ्याच्या पाठीवर सारखा फिरत होता. कधी डाव्या खांद्यावर, कधी उजव्या, मधेच मणक्यावर. चाळिशी उलटलेली बाई, भर रस्त्यात! वाटेतल्या शेतांमधून लोक उभे राहून बघत होते.

अमडापूरला कडुलिंबाखाली थांबलो, तेव्हा चिवड्याआधी थट्टेलाच तोंड फुटलं. शेठ म्हणाले, "काय बे फिटर, वहिनी तर पाठीवरून हातच काढून नाही राह्यली!"

"हाव शेठ, एकदम झकास!" भाऊजी म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. वर जाऊबाईंजवळ जाऊन म्हणाले, "जाऊबाई, परतताना हात जरा पदरात ठेवा."

त्यांनी मला विहिरीकडे नेलं. पाय धुता धुता, वर न बघता बोलल्या. "त्यायले आयकू येत नाही, बाई. काहीच नाही. जिनात कान गेले. तोंड पाहून समजून घेतेत. मांगून मोटार आली का डाव्या खांद्यावर चापट, थांबाचं असलं का पाठीच्या मधात मूठ. शेठले समजलं तर उद्यापासून यंत्रापाशी उभं करन का तो त्यायले? लोकं मले बेशरम म्हणतेत. म्हणू दे."

मला त्यांच्याकडे बघवेना.

आम्ही विहिरीवरून आलो तेव्हा शेठचा निर्णय झालेला होता. गावात बोभाटा नको. परतताना बायका एस्टीनं येतील, पुरुष गाड्यांवर. भाऊजी शेठच्या ओठांकडे बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. चिखलीचा रस्ता, मागे ट्रक, आणि पाठ मोकळी. जाऊबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला.

मी वही उघडली. "शेठ, यादीत जोडपी लिहिली आहेत. जाताना जशी, येताना तशी. मधे फेरफार करायचा होता तर यादी मला द्यायची नव्हती."

"अवो बाई, पण लोकं..."

"लोकांची नावं यादीत नाहीत."

शेठनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि गाडीला लाथ मारली. आम्ही जोडीनं निघालो. परतीच्या वाटेवर दोन ट्रक मागून आले. दोन्ही वेळा तो हात डाव्या खांद्यावर पडला आणि दोन्ही वेळा ती तीन गाड्यांची एक गाडी शहाण्यासारखी बाजूला झाली.

भाऊजी पुरी नोकरी करून सुटले, आणि जिनमध्ये शेवटपर्यंत कुणाला काही कळलं नाही. आता दोघं दुसरबीडला असतात. तिथं ते लोकांची पाण्याची इंजिनं दुरुस्त करतात. दात मात्र थोडे उरलेत.

गेल्या दिवाळीपासून ह्यांना मी स्वयंपाकघरातून मारलेली हाक पोचत नाही. दाराची कडी वाजते, हे पेपर वाचत राहतात. मी जाऊबाईंना पत्र टाकलं की पाठीवरच्या सगळ्या खुणा क्रमवार लिहून पाठवा. त्यांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं उत्तर आलं : "ते लिहून समजत नाही. तुमच्या घरच्यायले घेऊन या. पाठीवरच शिकाव लागते."

दुसरबीडच्या एस्टीच्या वेळा मी उतरवून आणल्या आहेत. कशासाठी जायचं आहे, ते ह्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.