सर्जेराव अण्णांचा चोवीस पटीचा स्कोप

“मेजर, ह्याच्यातनं माणूस किती जवळ दिसतो?”

पोलीस ठाण्याच्या इन्स्पेक्टर साहेबांनी हे विचारलं तेव्हा रायफल त्यांच्या टेबलावर आडवी पडली होती. तिच्यावर मी बसवलेला स्कोप होता. टेबलाच्या एका बाजूला सर्जेराव अण्णा, दुसऱ्या बाजूला त्यांचा चुलत भाऊ हणमंत. मधल्या खुर्चीत मी. मी मेजर नाही. तेवीस वर्षं फौजेत आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, आणि हवालदार म्हणून रिटायर झालो. पण आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्याला इलाज नाही.

“चोवीस पट, साहेब,” मी म्हणालो.

“म्हणजे ह्यांची तक्रार खरी आहे,” साहेब हणमंतकडे बघून म्हणाले.

तक्रार अशी होती, की हणमंत पाण्याच्या पाळीला मोटर चालू करायला गेला की अण्णा गच्चीवरून त्याच्यावर रायफल रोखतात. एकदा नाही, रोज. अण्णा म्हणत होते की हे साफ खोटं आहे. आणि हा स्कोप अण्णांना कुणी दिला आणि कशासाठी दिला, हे विचारायला मला मलकापूरहून बोलावलं होतं. माझं तिथं हायवेलगत लायसनचं दुकान आहे. बंदुका दुरुस्त करतो, स्कोप बसवतो.

आता हा स्कोप कसा निवडला गेला ते सांगतो. ‘निवडला’ हा शब्द मी जरा उदारपणे वापरतोय.

अण्णा विट्याजवळच्या एका गावचे. उमेदीची सगळी वर्षं कोइमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं गाळण्यात गेली. आता धंदा मुलाकडं आणि अण्णा गावाकडं. बंगला बांधला, गच्ची बांधली, कॅनॉलचं पाणी आल्यावर ऊस लावला. आजोबांच्या वेळची पॉइंट टू-टूची सेमी-ऑटोमॅटिक रायफल वारसानं त्यांच्या लायसनवर चढली. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय, तर खटका दाबला की एक गोळी सुटते, रिकामं टरफल बाजूला उडतं आणि पुढची गोळी मॅगझीनमधून, म्हणजे खालच्या गोळ्यांच्या डबीतून, आपली आपण नळीत येऊन बसते. नव्यानं काही ओढावं लागत नाही. तिला शिकारीची रायफल म्हणतात, पण शिकार बंद होऊन दोन पिढ्या झाल्या. लायसनवर कारण लिहिलं होतं, पीकसंरक्षण आणि टार्गेट. पॉइंट टू-टूच्या गोळीनं रानडुक्कर मरत नाही, फक्त त्याचा अपमान होतो. पण आवाजानं पळतं, तेवढ्यावर ऊस वाचतो.

अण्णा दुकानात आले तेच मुळी दोन माणसं बरोबर घेऊन. बस्ता बांधायला यावं तसे.

“मेजर, गावात कुणाकडं न्हाई आसली दुर्बीण बसवायची हाय रायफलीला.”

मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. स्कोपवर आकडे असतात. समजा दोन-सात बाय बत्तीस. म्हणजे वस्तू दोन पटीपासून सात पटीपर्यंत मोठी दिसणार आणि पुढची काच बत्तीस मिलिमीटर रुंद. तुमच्या रायफलीला हे भरपूर झालं. जास्त पट घेतली की चित्र मोठं दिसतं, पण दिसणारा तुकडा लहान होतो. वीस पावलांवरचं डुक्कर चोवीस पटीनं बघितलंत तर त्याचे केस मोजता येतील, पण तोंड कुठं आणि शेपूट कुठं हे कळायचं नाही.

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “सातपेक्षा मोठी किती पतूर मिळती?”

“चोवीस पट मिळते. पण ती तुमच्या कामाची नाही.”

“तीच द्या.”

“अण्णा, सहा-चोवीस बाय पन्नास म्हणजे जवळजवळ रायफलीच्या वजनाचा नळा होईल.”

“वजनाचं काय घिऊन बसलाय? आमच्या गच्चीवरनं हणमंताची मोटर दिसंल का?”

“स्वच्छ दिसेल.”

“आन् यष्टी स्टँड?”

“दिसेल.”

“शाळंचा फाटा?”

“तोही दिसेल.”

इथं माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. अर्धा तास बोलणं झालं, त्यात अण्णांनी डुकराचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. टार्गेटचं तर नाहीच. पण मला वाटलं, माणूस हौशी आहे, अंतराचा अंदाज घेतोय. शिवाय गिऱ्हाईक चालत दुकानात आलंय, ते दुखवायचं कशाला. मी स्कोप मागवला. लाल आणि हिरवा, दोन्ही दिवे लागणारा. दिवे कशाला, हे मी विचारलं नाही आणि त्यांनाही ते सांगता आलं नसतं.

स्कोप आल्यावर रिंगा घट्ट बसवल्या आणि पन्नास मीटरवर झिरो केला. झिरो करणं म्हणजे काचेतल्या फुलीचं आणि गोळीचं भांडण मिटवणं. फुली जिथं, गोळी तिथं. अठरा गोळ्या गेल्या, पण काम फर्स्ट क्लास झालं. रायफल त्यांच्या हातात देताना मी बोट दाखवून बजावलं, “अण्णा, एक गोष्ट लक्षात ठेवा. हा स्कोप कधी काढायचा नाही. काढला की झिरो गेला, सगळी मेहनत पाण्यात.”

अण्णांनी मान डोलावली. माझं ऐकणारी गिऱ्हाइकं फार थोडी. अण्णा त्यातले निघाले, हे माझं नशीब.

तर साहेबांच्या खोलीत अण्णा सांगत होते, “सायेब, म्या कवाच नेम धरला न्हाई. म्या नुस्तं बघत हुतो.”

“बघायला रायफल लागती व्हय रं?” हणमंत उसळला.

“मग काय करू? दुर्बीण रायफलीवर बसवलीया. काढून बघावं तर मेजरनी सांगितलंय, काढायची न्हाई, झिरो जातो. इचारा त्यास्नी.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. वाक्य माझंच होतं, शब्द न् शब्द.

“म्हणजे तुम्ही अख्खी रायफल खांद्याला लावून गाव बघता?” साहेबांनी विचारलं.

“रिकामी आसती, सायेब. मॅगझीन काढून कपाटात ठेवतो. लेकराबाळांचं घर हाय, येवढं कळतंय की मला.”

मी विचारलं, “अण्णा, शेवटचा बार कधी काढलात?”

“झालं की आठ दीस. डुकरं आलती. दोन बार काढलं, पळाली. मग मॅगझीन काढून ठेवलं.”

“दांडा मागं ओढून नळी बघितलीत?”

“मॅगझीनच काढल्यावर नळीत काय बघायचं?”

मी उभा राहिलो. सगळ्यांना टेबलापासून लांब व्हायला सांगितलं. साहेबांनासुद्धा. फौजेत हवालदार होतो तेव्हाचा आवाज निघाला असणार, कारण साहेब मुकाट्यानं उठले. कोपऱ्यात आग विझवायच्या वाळूची लाल बादली होती. रायफल उचलून नळी त्या वाळूकडं केली. खटक्याचं सेफ्टी लॉक बघितलं तर उघडं. मग दांडा मागं ओढला.

गोळी बाहेर पडली, फरशीवर वाजली आणि घरंगळत साहेबांच्या खुर्चीखाली गेली. पितळी, चकचकीत, अगदी जिवंत.

दुसरा बार काढल्यावर तिसरी गोळी आपली आपण नळीत जाऊन बसली होती. रायफलीनं तिचं काम चोख केलं होतं. अण्णांनी मॅगझीन काढलं, तेव्हा ही गोळी आधीच आत होती.

मी वाकून खुर्चीखालून गोळी काढली आणि टेबलावर उभी ठेवली. मग साहेबांनी दारातल्या कॉन्स्टेबलला विचारलं, “पंचनाम्यात काय लिहिलंय?”

“रिकामी रायफल, एक नग.”

“रिकामी आहे हे कुणी बघितलं?”

“मॅगझीन न्हवतं, सायेब.” कॉन्स्टेबल जरा थांबला आणि म्हणाला, “येताना जीपमधी मांडीवरच हुती माझ्या.” आणि तो शेजारच्या बाकावर बसला. साहेबांसमोर बसू का, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही.

मी अण्णांना विचारलं, “बघताना हात कुठं असतो तुमचा?”

“कुठं म्हंजी? जिथं आसतोय तिथं.”

“खटक्यावर?”

अण्णा आपल्या उजव्या हाताकडं बघायला लागले.

“आठ दिवसांत काय काय बघितलंत?” साहेबांनी आता हळू आवाजात विचारलं.

“हणमंताची मोटर. चोरून पाणी घेतोय का न्हाई ते.” अण्णांचा आवाज बसत चालला होता. “ट्रक. कारखान्याची ऊसतोड टोळी कुणाच्या फडात शिरली ते. आन् सकाळच्याला शाळंची व्हॅन. नात जाती त्यातनं. फाट्यावर नीट चढती का बघतो.” ते थांबले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “मेजर, ती हात करती मला तिथनं. रोज करती. दुर्बिणीत लय जवळ दिसती. मधोमध.”

मधोमध म्हणजे फुलीवर. हे खोलीत फक्त मला आणि अण्णांना कळलं असं मला वाटलं होतं. पण हणमंत उठून बाहेर गेला. त्याची दोन पोरं त्याच व्हॅननं जायची. मी खिडकीतून बघितलं, तो आवारातल्या नळावर नुसताच तोंड धूत उभा होता.

अण्णा रडले. मोठा माणूस रडायला लागला की काय करायचं हे मला कधी कळलेलं नाही. मी पान्हा काढला आणि स्कोप उतरवायला लागलो. साहेबांनी अडवलं नाही. अठरा गोळ्या घालून केलेला झिरो दोन मिनिटांत गेला आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

लायसन जमा झालं, रायफल ठाण्याच्या मालखान्यात गेली. हणमंतनं तक्रार मागं घेतली नाही आणि अण्णांनी त्याला तसं म्हटलंही नाही. महिन्याभरानं अण्णा दुकानात आले, या वेळी एकटेच. म्हणाले, “मेजर, नुस्तं बघायला काय घ्यावं?” मी त्यांना आठ पटीची, दोन डोळ्यांनी बघायची साधी दुर्बीण दिली. आकडे त्यांनी विचारले नाहीत. निवडायला पाच मिनिटं लागली.

तेव्हापासून स्कोप बसवायच्या आधी मी भाषण करत नाही. एकच प्रश्न विचारतो, ह्याच्यातनं तुम्हाला काय काय बघायचंय? डुक्कर आणि टार्गेट सोडून दुसऱ्या कशाचंही नाव निघालं की पान्हा खाली ठेवतो. लोक चिडतात. परवा एक जण म्हणाला, तुमी दुकानदार हाय का पोलीस? त्याला उत्तर दिलं नाही. तेवीस वर्षांच्या फौजेत मला हत्यार उघडायला, पुसायला, जोडायला शिकवलं होतं; गिऱ्हाइकाला उलटा प्रश्न विचारायला नव्हतं. ते मी एका गोळीकडून शिकलो. आणि ती सुटली नाही, यात माझं काहीच कसब नाही.